‘एस’च्या पोटातला ओरखडा

ऑफिसखालच्या बसथांब्यावर रांगेतला एक तरुण वळला, आणि त्याच्या छातीवर मला माझी अक्षरं दिसली.

कॉलेजच्या जर्सीवर असतात तशी जाड, चौकोनी. धुऊन धुऊन विरल्यासारखी. हा फॉन्ट मी एका कॉलेजच्या संघासाठी केला होता. शनिवारच्या सामन्याआधी तो कुणालाही दिसता कामा नये, ही त्यांची अट. आणि ‘एस’च्या पोटातला तो तिरका ओरखडा... तो मी स्वतः किल्लीने कागद खरवडून काढला होता.

“हा टी-शर्ट कुठून आणलात?”

“आवडला?”

“चोरीचा वाटतोय.”

तो हसला, पण नजर चुकवून. माझा संशय पक्का झाला.

“छापखान्यातून,” तो म्हणाला. “तिथे छपाई मीच करतो. हा नमुन्याचा आहे.”

“नमुना माझ्याकडे आलाय.”

“तो चौथा. आधी तीनदा वाटलं, छपाईच बिघडतेय... दर वेळी छपाईची जाळी धुतली. चौथ्यांदाही ओरखडा जागच्या जागी. तेव्हा कळलं, हा कुणीतरी जीव लावून काढलाय.”

मला हसू येत होतं. मी ते दाबलं.

“छापखाना गावाच्या दुसऱ्या टोकाला आहे. मग तुम्ही इथे काय करताय?”

रांग पुढे सरकली. आम्ही दोघं तिथेच.

“ऑर्डरवर तुमच्या ऑफिसचा पत्ता होता,” तो हळूच म्हणाला. “वर यायचं धाडस झालं नाही...”

मी तडक छापखान्याच्या मालकांना फोन लावला.

“कोण, आमचा भाचा?” ते वैतागले. “तीन दिवस झाले, काम टाकून लवकर पळतोय. बिघडलेला टी-शर्ट फेकून दे म्हटलं, तर अंगातून काढत नाही. सापडली का ती ओरखडेवाली?”

फोनचा आवाज मोठा होता. त्याचे कान लाल झाले.

“ते हातातलं जाकीट घाला,” मी म्हणाले. “गळ्यापर्यंत चेन लावा. हे कुणी पाहिलं तर माझं काम जाईल.”

त्याने निमूट चेन ओढली. “शनिवारपर्यंत?”

“हो. शनिवारी सामन्याला या. माझ्या शेजारची खुर्ची रिकामी आहे.” मग घाईने म्हणाले, “पण माझा विश्वास बसलाय असं समजू नका. मी नजर ठेवून असणार आहे.”

“ठेवा ना...” तो म्हणाला. “त्यासाठीच तर तीन दिवस इथे उभा आहे.”