तीन महिन्यांसाठी अन्नपूर्णा

निरोप घेऊन झाला होता. डोळे पुसून झाले होते. सकाळी दारापाशी रुचानं सासूच्या हातावर दही-साखर ठेवली होती, सात वर्षांच्या आन्यानं आजीच्या गळ्यात पडून 'आय विल मिस यू'चा सूर इतका ताणला होता, की केदारनं तोंड फिरवून बॅगेची लावलेली चेन उगाचच पुन्हा लावली होती... आणि आता मिनिआपोलिसच्या विमानतळावर सुवर्णाताईंच्या विमानापुढची अक्षरं लाल झाली होती.

रद्द!

काळजावर एवढा दगड ठेवून घेतलेला निरोप असा वाया जावा? सुवर्णाताई त्या फलकाकडे बघत उभ्याच राहिल्या. आणि शेजारी त्यांची सून, बत्तीस माणसं जिच्या हाताखाली कामाला होती ती गंभीर चेहऱ्याची रुचा, तिनं भर विमानतळावर टुणकन उडी मारली! मग सासूकडे पाहून खोकली.

"पाय मुरगळला," ती म्हणाली.

"उडी मारताना?"

"नाही... आधीच. चला आई, घरी जाऊ. रस्ते बंद व्हायच्या आत."

घरी! ज्या घरातून त्या सकाळी कायमच्या निघाल्या होत्या, त्या घरी.

इकडे. तिकडे. वायपर.

बर्फ पडत नव्हता, तो आडवा धावत येत होता. पुढच्या ट्रकचे लाल दिवे तेवढे दिसत. मग तेही विरघळत. दुपार उलटून फार वेळ झाला नव्हता, तरी आभाळ राखेसारखं खाली आलं होतं. रुचा दोन्ही हातांनी चाक धरून, नाक काचेला लावल्यासारखी गाडी चालवत होती आणि... गुणगुणत होती!

सुवर्णाताईंना तिचा आनंद कळेना. कसा कळणार? त्यांचं अंतःकरण आपल्याच गुपितानं भरून आलं होतं.

गुपित असं.

ते राहत त्या ईडन प्रेरीतल्या मराठी घरांत एक नियम होता. तो कुणी केला नव्हता, पण सगळे पाळत. बाळ झालं की आज्या पाळीपाळीनं येत. सहा महिने मुलीची आई, सहा महिने मुलाची. एक आली की दुसरी निघे. दोन विहिणी एका घरात, एका वेळी? छे! तसं कुणी करून पाहिलंच नव्हतं. पुढे केदारचे बाबा गेले आणि केदारनं आईला नागपूरहून कायमचंच इथे आणलं... आणि त्या दिवसापासून नाशिकच्या अहिल्याताईंची, रुचाच्या आईची, पाळी काही आलीच नाही.

मागच्या वर्षी अहिल्याताईंचे यजमान गेले. त्यानंतर एकदा, कपड्यांच्या मशीनच्या घरघरीआडून, सुवर्णाताईंनी रुचाला फोनवर रडताना ऐकलं होतं. "आत्ता नको गं येऊस, आई... इथे आई आहेत."

इथे आई आहेत!

म्हणजे मी आहे म्हणून. त्या तीन शब्दांनी सुवर्णाताईंची झोप उडाली. त्यांनी कुणाला काही विचारलं नाही, कुणाला दोष दिला नाही. फक्त चेहरा हसरा ठेवून जाहीर केलं, "मला बाई इथली थंडी सोसत नाही. तीन महिने बहिणीकडे जाऊन येते." तीन महिन्यांचं पुढे काय करायचं, ते त्यांनी मनात ठरवून टाकलं होतं.

*पुन्हा मार्ग शोधत आहे,* नकाशातली बाई म्हणाली.

"हिला काय जातंय शोधायला," रुचा पुटपुटली, आणि हायवेवरून खाली उतरणाऱ्या वळणावर गाडी—

घसरली. जोरात नाही. एखाद्या जाड्या माणसानं सोफ्यावर टेकावं तशी, हळूच, कडेच्या बर्फाच्या ढिगात जाऊन बसली.

चाकं गरगर फिरली. गाडी जागची हलली नाही.

"वाळू टाकायला हवी," रुचा म्हणाली. "चाकांखाली. वाळू नाहीये." मग तिचे डोळे चमकले. "आई! रांगोळी आहे! मंडळाची, दिवाळीपासून डिकीतच पडलीय!"

"अहो, पण तुम्ही बसा, मी—"

पण सुवर्णाताई उतरल्यासुद्धा! टोपी नाही, हातमोजे नाहीत. साडीवर केदारचा जुना कोट, पायात बूट, आणि कमरेत वाकून पुढच्या चाकांखाली त्या मुठीमुठीनं रांगोळी ओतायला लागल्या. आधी पांढरी, ती बर्फात हरवली. मग गुलाबी. मग हळदीसारखी पिवळी. शेवटी हिरवी.

रुचानं आत बसून ॲक्सिलरेटरवर पाय दिला. चाकांनी हिरव्या रंगाचा एक फवारा उडवला, तो थेट सुवर्णाताईंच्या कोटावर!

रुचा धावत बाहेर आली. सासू पोपटासारखी हिरवी होऊन हसत उभी होती... पोट धरधरून हसत होती!

"आई," रुचा म्हणाली. ती हसली नाही. "थंडी सोसत नाही ना तुम्हाला?"

वारा.

"तुम्ही परत येणार नव्हतात. खरं की नाही?"

"काहीतरीच! तीन महिन्यांनी—"

"अन्नपूर्णा तीन महिन्यांसाठी कोण नेतं हो, आई?"

सुवर्णाताईंच्या हातातली रांगोळीची पिशवी खाली गेली. लग्नात माहेरच्यांनी दिलेली ती पितळेची एवढीशी मूर्ती. बाईचा संसार जिथे, तिथे ती. उन्हाळ्यात भाचीच्या लग्नाला महिनाभर नागपूरला गेल्या, तेव्हाही ती इथल्याच देव्हाऱ्यात होती, रुचाच्या अन्नपूर्णेच्या शेजारी. आज पहाटे मात्र त्यांनी ती रुमालात गुंडाळून पर्समध्ये घातली होती. वाटलं होतं, कुणाच्या लक्षात येणार?

"सकाळी दिवा लावताना माझा हात थांबला," रुचा म्हणाली. "माझी एकटीच होती तिथे. शेजारी मोकळी जागा, तीही तुम्ही पुसून ठेवलेली! केदारला सांगितलं असतं तर तो कोलमडला असता. तुम्हाला विचारायची माझी हिंमत झाली नाही. देवाला एवढंच म्हटलं, आज बर्फ पाड. विमान उडू देऊ नकोस."

"म्हणजे हे सगळं... तू पाडलंस?"

"थोडं जास्त झालं."

आणि मग मात्र दोघींचाही बांध फुटला. हसणं कुठलं, रडणं कुठलं, काही कळेना!

"दिवाळीत मी तुम्हाला बोलले ना, आई... फोडणीनं धुराचा अलार्म वाजला तेव्हा, माझी मीटिंग चालू असताना, सगळ्यांसमोर... त्याचा राग..."

"वेडी आहेस का? ते मी त्याच दिवशी विसरले." सुवर्णाताई क्षणभर थांबल्या. "दुसऱ्या दिवशी."

"मग का?"

"तुझी आई तिकडे एकटी बसलीय गं! नवरा गेल्यावरचं घर कसं असतं ते मला विचार... भिंतीसुद्धा बोलायच्या थांबतात. आणि तिच्या लेकीच्या घरात मी पाय पसरून बसलेय! तू तिला नको म्हणालीस, माझ्यामुळे. मी ऐकलं सगळं."

रुचानं कपाळावर हात मारला. "मी तिला नको म्हटलं, कारण ती येते म्हटल्यावर तुम्हाला वाटलं असतं, तुमची पाळी संपली. आणि तुम्ही बॅग भरली असती!"

"मग?"

"मग तुम्ही तेच केलंत!"

दुसऱ्या खेपेला पिवळ्यावर गुलाबी, त्यावर उरलेली सगळी पांढरी पडली, आणि गाडी कण्हत ढिगातून बाहेर आली. मागे बर्फावर विस्कटलेल्या रंगांचा मोठा पट्टा उरला. अन्नपूर्णा पर्समधून निघाली आणि रुचाच्या कोटाच्या खिशात गेली. रुचानं ती परत मागू दिली नाही.

इकडे. तिकडे.

"फोन लाव," सुवर्णाताई म्हणाल्या.

"आत्ता? तिकडे अजून उजाडलंही नाही."

"ती जागीच असेल."

पहिल्याच रिंगला फोन उचलला गेला.

"आई!" रुचा म्हणाली.

"काय गं?" नाशिकहून. "काय गं?" शेजारच्या सीटवरून. दोन्ही एकदमच! पलीकडून खुदकन हसू आलं, आणि कितीतरी महिन्यांनी ते हसू ऐकून रुचाचे डोळे पुन्हा भरले.

"अहिल्याताई, मी सुवर्णा. तुम्ही इकडे या. राहायलाच या."

तिकडून सावध प्रश्न, "आणि तुम्ही कुठे निघालात?"

"कुठेच नाही."

"खरं सांगता? कारण रुचा नको म्हणाली ना, तेव्हा मला जरा बरंच वाटलं होतं. आन्याला तुम्ही वाढवलंत. तुम्हाला उठवून मी तुमच्या पाटावर बसू? आणि तुम्ही नसलात, तर ही दोघं ऑफिसात गेल्यावर मी बोलू कुणाशी? त्या डिशवॉशरशी?"

"मी घोरते हं. खोली एकच आहे."

"मीही घोरते. हे म्हणायचे..." आवाज अडखळला. "आन्याच्या वेळी हेच होते बरोबर. विमानातलं सगळं त्यांनाच ठाऊक. व्हिसा आहे हो अजून माझा, पण एकटीनं एवढं लांब... माझ्यानं नाही व्हायचं, सुवर्णाताई."

वायपर फिरत राहिला. रुचानं काही बोलायला तोंड उघडलं, पण सुवर्णाताईंनी तिच्या मनगटावर हात ठेवला.

"एकटीनं कोण म्हणतंय? मी येते ना न्यायला."

*आपण घरी पोचला आहात,* नकाशातली बाई बऱ्याच वेळानं म्हणाली. केदार दारापुढचा बर्फ फावड्यानं ओढत होता. आन्या पायऱ्यांवरून ओरडत सुटली, "आजी इज बॅक! आजी, व्हाय आर यू ग्रीन?"

केदारनं आईला मिठी मारली, तिच्या कोटाकडे पाहिलं, बायकोच्या रडून लाल झालेल्या, हसऱ्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि काहीच न समजून डिकीतल्या बॅगा उचलायला गेला.

"राहू दे रे त्या," सुवर्णाताई म्हणाल्या. "वादळ थांबलं की निघायचंय मला."

"म्हणजे? तू जाणारच?"

"जाणार. आणि येणार. येतानाची दोन तिकिटं काढ, शेजारशेजारची. खिडकी अहिल्याताईंना दे." त्या दोन पायऱ्या चढल्या, आणि वळून म्हणाल्या,

"अर्ध्या वाटेपर्यंत."