अकरा वर्षं, अकरा महिने

दादाला खाली आणायचं, एवढ्यासाठीच त्याचा धाकटा भाऊ मास्तर आणि मामा गोठलेलं सरोवर ओलांडून पलीकडच्या गुहेपर्यंत पोचले होते. आईनं अंथरूण धरलं होतं, आणि तिच्या तोंडी एकट्या थोरल्याचंच नाव होतं.

पण थोरला पडला खडेश्वरी साधू. बारा वर्षं ना बसायचं, ना आडवं व्हायचं! झोपायचं तेही टांगलेल्या फळीवर छाती टेकून, उभ्या उभ्याच. पाय सुजून खांब झालेले. मास्तर शहरात योगाचे वर्ग घेई, कुठल्या आसनात किती श्वास थांबायचं ते घड्याळ लावून सांगे. ते पाय पाहून त्यानं मनगटावरचं घड्याळ बाहीखाली सारलं.

"एक महिना राहिलाय," दादा म्हणाला. "मग येतो."

आईकडे महिना नाही, हे मास्तरनं परोपरीनं सांगितलं. मामांनी तर चक्क हात जोडले. दगडाला पाझर फुटेना. बर्फावरून नेताना दादाला दोघांच्या मध्ये बांधायला आणलेली दोरी मास्तरनं रागानं तिथेच भिरकावली आणि तो निघाला. दादा काठी टेकत सरोवराच्या कडेपर्यंत आला, तेवढीच काय ती माया.

ऊन चढलं होतं. सकाळची पारखलेली वाट सोडून मास्तर तरातरा सरळ चालू लागला. मामांनी हाक मारली. त्यानं ऐकलं नाही.

कडाड्!

बर्फ फुटला. गळ्यापर्यंत पाणी! हात टेकावा तिथली कड तुटत होती. मामा धावले, तर त्यांच्याच पायाखाली भेगा पळाल्या. ते जागीच थिजले. दोरी वर गुहेत! मास्तरची बोटं बधिर झाली. आता आईचे दोन्ही मुलगे गेले, एवढंच त्याच्या मनात आलं.

तेवढ्यात समोर दादा दिसला. उभ्यानं आला असता तर बर्फाला तोही पेलला नसता. तो क्षणभर थांबला.

"दादा, नको!" मास्तर कसाबसा म्हणाला. "एकच महिना..."

दादानं गुडघे वाकवायला घेतले. ते वाकेनात! मग त्यानं सरळ अंगच टाकून दिलं, पोटावर सरपटत आला, काठी पुढे केली. मामांनीही पालथं पडून मागून त्याचे पाय धरले. ओढ! अजून ओढ! इंचाइंचानं मास्तर वर आला.

काठावर तिघंही धापा टाकत पडून राहिले. दादा आभाळाकडे बघत रडत होता. माझ्यापायी तुझं सगळं गेलं, मास्तर पुटपुटला.

"गेलं," दादा म्हणाला. त्यानं डोळे पुसले. "आता आईच्या उशाशी बसता तरी येईल."