थॉमस पेलचं दुसरं मत

१९८४ चा नोव्हेंबर. मिनेसोटातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात शरयू जेवणानंतर तळघरात उतरली ती नेहमीच्याच कामाला. दीडशे वर्षांपूर्वीच्या एका इंग्लिश निवडणुकीचं मतपुस्तक टाइप केलेल्या यादीशी ताडून पाहायचं होतं. त्या काळी मत मूठभर पुरुषांनाच, आणि तेही गुपचूप नाही. चारचौघांसमोर मंचावर उभं राहून उमेदवाराचं नाव मोठ्यानं सांगायचं, कारकुनानं ते लिहून घ्यायचं, आणि जमीनदाराच्या माणसांनी खालून डोळे वटारायचे.

शरयूचा जीव मात्र तीनच्या मीटिंगमध्ये अडकला होता. हरवलेल्या ग्रंथाचं खापर ग्रंथालयाच्या चीफनं म्हाताऱ्या सहकारी डोरिसवर फोडलं होतं. तो ग्रंथ शरयूनं चीफच्याच गाडीत पाहिला होता. डोरिसला नोकरीवरून काढायचं की नाही, यावर शरयूसकट सहाजण हात वर करून मत देणार होते. दोन मतं विरोधात गेली तर ठराव बारगळणार. आणि शरयूच्या ग्रीन कार्डाच्या अर्जावर सही चीफचीच.

नवऱ्यानं, श्रीरामनं, सकाळीच बजावलं होतं, "प्रोसेस अर्धवट आहे, शरयू. उगाच रिस्क घेऊ नकोस."

ती सवयीनं मोठ्यानं वाचत होती. आधी मतदाराचं नाव, मग त्याचं मत. एकाच जमीनदाराची एकोणचाळीस कुळं, आणि सगळ्यांचं मत त्याच्या मुलाला, हॅलमला. मग त्याच्याच चाळिसाव्या कुळाचं नाव आलं.

"थॉमस पेल..."

ओल्या लोकरीचा वास आला. तिच्या खांद्यामागून कुणीतरी शांतपणे म्हणालं, "वॉर्ड."

मागे कुणीच नव्हतं. पानावर मात्र पेलपुढे खरंच वॉर्डचं, हॅलमच्या विरोधकाचं, नाव लिहिलं होतं आणि समासात पेन्सिलीनं एक शेरा होता: घराबाहेर काढला. शरयूला धडकी भरली. पण त्याहून जास्त त्या माणसाचं कौतुक वाटलं. काय छातीचा गडी असेल!

तीन वाजता चीफनं विचारलं, "विरोधात?" शरयूचा हात वर गेला. एकटीचाच. तोच वास पुन्हा आला.

सेक्रेटरी मोजू लागली. "बाजूनं पाच... विरोधात दोन."

चीफनं स्वतः मोजलं. शरयूच्या मागे पाहत तो पांढराफटक पडला आणि त्यानं ठराव बारगळल्याची नोंद करायला सांगितली. आता आपल्या अर्जाचं काय होणार, हे शरयूला पक्कं ठाऊक होतं. तरी तिला हलकं वाटत होतं.

निघण्यापूर्वी ती मतपुस्तक मिटायला खाली गेली. पेलच्या ओळीत 'वॉर्ड'पुढे त्याच जुन्या वळणाचं आणखी एक नाव होतं. तिनं बोट टेकवलं तर शाई बोटाला लागली.

डोरिस.