वरच्या ठाण्याचे उत्तर

तारमास्तर: लोकांच्या लेखी हेच त्यांचे संपूर्ण नाव, वय वर्षे एकसष्ट. त्या दुपारी डोंगरावर धुके उतरू लागले होते, आणि वरच्या रुग्णालयातली पाळी संपवून निघालेल्या मुलीला त्यांना खालच्या ठाण्यातून रज्जुमार्गाने खाली आणायचे होते. बायको गेल्यापासून त्यांच्या घरात तिचीच एक हाक उरली होती.

"बाबा, मला आणताना डुलकी काढू नका हं," पाळण्यातल्या फोनवरून ती म्हणाली.

"पाळण्यात तू बसली आहेस. डुलक्या तू काढ."

तार ओढणारे यंत्र वरच्या ठाण्यात होते. माणूस मात्र आता तिथे नव्हता. तिथला जुना सोबती वारल्यावर त्याच्या खुर्चीच्या जागी एक बिनतारी पेटी बसवली होती. पाळण्याचा झोका ती खाली मास्तरांपुढच्या पडद्यावर कळवी, आणि खालून गेलेल्या प्रत्येक हुकुमाला उत्तर देई: 'ओढ. पोचले.' 'सैल. पोचले.' वारा सुटला, की मास्तर झोक्याच्या उलट ओढ देऊन तो मोडून काढीत.

आज धुक्यात संदेश गळू लागले. जे आले, तेही उशिरा. बातमी शिळी, म्हणून झोका मोडणारी ओढच त्याला हातभार लावू लागली. मास्तर जितकी घाई करीत, तितका झोका वाढे. एकदम थांबवावे, तर पाळणा खांबावर आदळायला तो धक्काच पुरेसा होता. खोलीत ग्रीसचा उग्र वास कोंडला होता. बाहेर तार कण्हत होती.

"बाबा... खांब अगदी जवळ येतोय... काहीतरी करा ना..."

मास्तरांचा हात हुकुमाच्या दांड्यावर गोठला. हुकूम सुचेना.

पडद्यावर उमटले: 'सैल. पोचले.'

त्यांनी काहीच पाठवले नव्हते.

'ओढ. पोचले.' मग पुन्हा, सावकाश, 'सैल. पोचले.'

त्यांनी दांड्यावरून हात काढून घेतला. उत्तरे येत राहिली. तारेचे कण्हणे ओसरत गेले.

"कोण... कोण आहे वर?" रिकाम्या खोलीत ते पुटपुटले.

'पोचले.'

पाळणा अलगद टेकला. मुलगी उतरली आणि त्यांना बिलगली. "शेवटी छान सांभाळलंत, बाबा. आधी मात्र जीव काढलात!"



त्या दिवसापासून वरच्या ठाण्याचे उत्तर कधीही उशिरा येत नाही. ते आधी येते. हुकूम मास्तर मागाहून देतात.