श्वास मोजताना सांगायचं नसतं

थोरल्या अक्काच्या लेकाचं बारसं झालं, त्या वर्षीची ही गोष्ट; साल २०२२. बारशाचे पेढे घेऊन रंजिता निपाणीहून बेंगळुरूला परतली आणि मल्लेश्वरमच्या इस्पितळात दुपारच्या ड्युटीला उभी राहिली. बघते तर वॉर्डातल्या गंगव्वा आजींच्या खाटेजवळच्या स्टुलावर एक अनोळखी तरुण बसलेला.

"भेटायची वेळ संपली. उठा."

तो उठला... पण गेला नाही. "मी तनय. पुण्याहून आलोय. तुम्हा नर्सेसवरच संशोधन करतोय."

रंजिताच्या लगेच लक्षात आलं. नर्सेसचं प्रशिक्षण नुकतंच झालं होतं. त्यात शिकवलेलं वॉर्डात उतरतं की हवेत विरतं, हे तो बघणार होता. रोग्याचा श्वास पूर्ण मिनिटभर मोजा, असं शिकवलं होतं. पण एवढ्या खाटा, आणि हात दोनच! सगळ्या जणी नजरेनंच अंदाज घेत आणि प्रत्येकापुढे निरोगी माणसाचा आकडा, 'वीस', लिहून टाकत. रंजितासुद्धा. हे उघडं पडलं तर नोकरी जाणार, निपाणीचा रस्ता धरावा लागणार...

म्हणून तो बसलेला असताना ती मोजू लागली. नाडी बघितल्यासारखं मनगट धरायचं आणि डोळे छातीवर ठेवायचे. रोग्याला सांगायचं नसतं; कळलं की त्याचा श्वास बदलतो.

गंगव्वा बेंगळुरूजवळच्या होसकोट्याच्या. साखरेच्या आजारानं पायाची जखम चिघळलेली, पण जीभ शाबूत. "पोरी, तो घड्याळ बघत नाही, तुला बघतोय. स्वल्प हस की."

रंजिताला हसू कसलं येतंय? त्याची नजर वळली की तिचे हात गार पडत. भीतीनं की कशानं, ते तिलाही कळेना. एकदा भुरभुर पावसात कँटीनच्या दारात तिनं धीर करून कॉफी विचारली.

"तुमच्याशी बोललो तर माझा अभ्यास बिघडेल," तो म्हणाला.

"आणि नाही बोललात तर?"

"तर मी..." छत्री उघडून तो निघूनच गेला.

शेवटच्या दिवशी मात्र स्वतःहून थांबला. "काम संपलं. कुणी बघत नसताना काय होतं, ते मला कधीच दिसत नाही. उद्या संध्याकाळी समोरच्या दर्शिनी हॉटेलात थांबतो. आलात तर..."

दुसऱ्या दिवशी स्टूल रिकामं. वॉर्ड तुडुंब भरलेला. गंगव्वांना ताप नव्हता, नेहमीसारख्या हसल्याही. रंजिताचं पेन 'वीस'वर टेकलं आणि अडलं. तिनं मनगट धरलं. मोजलं. पुन्हा मोजलं. बत्तीस.

हेमलता सिस्टर वॉर्डाच्या प्रमुख. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "सकाळी वीस होते. बत्तीस कुठून आणलेस ग?"

सकाळचे वीस कुठून आले, ते दोघींनाही ठाऊक होतं. बत्तीस लिहिणं म्हणजे आजवरचे सगळे वीस खोटे, असं कबूल करणं. आणि न लिहिणं... रंजितानं बत्तीस लिहिले आणि डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर आधी करवादले, मग आले, आणि बघताच त्यांचा नूर पालटला. जखमेचं विष रक्तात भिनलं होतं. गंगव्वांची खाट धावतच अतिदक्षता विभागात गेली.

दर्शिनीत खुर्च्या उलट्या ठेवत होते, तरी तनय उभाच होता. रंजितानं फोन टेबलावर समोरच ठेवला. इस्पितळातून कळवणार होते. ती घडाघडा सगळं बोलून गेली, स्वतःचे खोटे वीससुद्धा.

"माझं नाव लिहायचं तर लिहा."

"मी कुणाचंच नाव लिहीत नाही. पण आजचं मला दिसलं नसतं... तू सांगितलंस म्हणून कळलं."

त्या 'तू'नं तिला धीर आला. तिनं त्याचं मनगट धरलं.

"नाडी बघतेस?"

तिचे डोळे त्याच्या छातीवर होते.

"किती भरले?"

"सांगायचं नसतं."

"मग मी सांगतो — वीस नक्की नाहीत."

ती हसली, आणि तेवढ्यात फोन वाजला. दोघांचाही श्वास अडकला.

गंगव्वा त्या रात्री तगल्या. पुढच्या वर्षी रंजिता-तनयच्या लग्नात काठी टेकून पहिल्या रांगेत बसल्या. त्या वारल्या २०२५ च्या संक्रांतीनंतर, होसकोट्याला, आपल्या घरी, झोपेत.