हशासाठी सोडलेली जागा

संग्रहालयातले कोणते जुने चित्रपट ठेवायचे आणि कोणते टाकायचे, हे परीक्षकसाहेब ठरवायचे. त्यातही जुन्या विज्ञान-विनोदी चित्रपटांचं त्यांना भारी वावडं. परग्रहावरचा राजा म्हणे! डोक्यावर बादली, अंगाला हिरवा रंग आणि यान म्हणजे दोरीला टांगलेलं घमेलं. असल्या भंगारावर जीव टाकणाऱ्यांची त्यांना कीवही येत नसे, नुसता संताप यायचा.

"ही एकच प्रत उरलीय, साहेब," प्रोजेक्टर चालवणाऱ्या मावशी म्हणाल्या. "हिला तेवढं ठेवा."

"कशाला? उंदरांच्या करमणुकीला?"

नियमाप्रमाणे चित्रपट दोनदा पाहायचा. सोमवारी तो ब्याण्णव मिनिटं चालला, मंगळवारी एकशे एक. परीक्षकांनी फिल्म स्वतः मोजली. एक फूटही वाढली नव्हती. प्रोजेक्टरचा वेगही बरोबर होता.

"विनोद झाला की नट हशासाठी थांबतात ना," मावशी खालच्या आवाजात म्हणाल्या. "तुम्ही हसत नाही. मग ते थांबूनच राहतात."

"डोकं ठिकाणावर आहे ना तुमचं?"

बुधवारी ते हट्टाने तिसऱ्यांदा बसले. बादलीवाल्या राजाने झाडूला लग्नाची मागणी घातली आणि तो थांबला. शेजारची राणीही थांबली. चित्र अडकलं नव्हतं. राजाच्या पापण्या लवत होत्या, छाती हलत होती. पाच मिनिटं झाली, दहा झाली. हिरव्या रंगातून घाम ओघळला. ओठांवरचं हसू थकलं. मग त्याची नजर हळूहळू खाली, परीक्षकांच्या खुर्चीवर आली.

"हसा ना, साहेब," मावशी मागून कळवळून म्हणाल्या. "थोडंसं."

"यांना? मी?"

त्यांनी दिवे लावायला सांगितले आणि अहवालात लिहिलं, 'नष्ट करावा.' शुक्रवारी त्यांच्यासमोरच फिल्मचे तुकडे झाले. मावशींना रडू आवरेना.

"आता कुठे जातील हो ते?"

रविवारी दुपारी जेवताना मुलगी म्हणाली, "आई, बाबांनी शर्ट उलटा घातलाय."

"तरी म्हटलं, आज माणूस सुलट कसा वागतोय!" बायको म्हणाली.

आणि दोघी थांबल्या.

बायकोच्या हातातला चमचा अर्ध्यावर होता. दोघी त्यांच्याकडेच बघत होत्या.

परीक्षकांनी हसून पाहिलं. मग मोठ्याने हसले. पुन्हा हसले.

चमचा हलला नाही.

मुलीच्या ओठांवरचं हसू थरथरायला लागलं होतं.