आईच्या खोलीतला रूळ

ही गोष्ट रात्रीची नाही, हे आधीच सांगून टाकतो.

भूत म्हटलं की लोकांना काळोख लागतो, कुत्र्याचं रडणं लागतं. माझ्याकडे त्यातलं काहीच नाही. जे घडलं ते टळटळीत दुपारी घडलं. खिडक्या उघड्या होत्या, खाली रस्त्यावर हॉर्न वाजत होते. घर तेच, ज्याच्या पुढच्या खोलीत बसून मी हे लिहितोय. विश्वास ठेवाच, असा आग्रह नाही. वाद घालायला अंगात त्राण उरलेलं नाही. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

मी बेकरीत काम करतो. पहाटेची पाळी. भट्टी, पीठ, ट्रे, आणि दुपारी घर. घरी आई. झटका आला तेव्हा तिची उजवी बाजू गेली, ती गेलीच. मी नसताना एक मावशी यायच्या. तिचं सगळं आवरायच्या आणि मी दारात दिसलो की पिशवी उचलायच्या.

आणि धाकटा भाऊ. टिल्लू.

सहा फुटांचा होता, म्हणून टिल्लू.

मागच्या खोलीत त्याने छोट्या आगगाडीचा लेआउट मांडला होता. प्लायवूडच्या मोठ्या टेबलावर रूळ, स्टेशन, भुशाचं गवत, कागदाच्या लगद्याचा डोंगर. कामावरून आला की हातपाय धुवायच्या आधी गाडी सोडायचा. मधली भिंत पातळ. रुळावरची ती टक-टक, टक-टक ऐकत आई झोपी जायची. गोळी घेऊनही जी झोप यायची नाही, ती त्या आवाजाने यायची.

मग टिल्लू गेला. गोदामात मालाची थप्पी अंगावर कोसळली. सकाळी डबा घेऊन गेलेला माणूस संध्याकाळी चादरीत गुंडाळून घरी आला.

त्यानंतर आईची झोप उडाली. तिच्याबरोबर माझीही.

ती रडायची नाही. नुसती छताकडे बघत जागी. थोड्या थोड्या वेळाने हाक. पाणी दे. कूस बदल. किती वाजले? मी धड माणसात नव्हतो. एकदा भट्टीसमोर उभ्या उभ्या पेंगलो आणि हात पोळून घेतला. तेव्हा ठरवलं, आपणच गाडी चालवायची.

मला त्यातलं ओ की ठो कळत नव्हतं. टिल्लूला बघून जे लक्षात राहिलं होतं, तेवढ्यावर सुरुवात केली. रूळ स्पिरिटने पुसायचे. चाकांत अडकलेले केस चिमट्याने काढायचे. इंजिनाला सुईच्या टोकाएवढं तेल. आणि गाडी अडली तर चिडायचं नाही, मागून बोटाने हलकेच ढकलायचं. ढकलताना टिल्लू म्हणायचा, "चला, निघा पाव्हणं, उशीर होतोय."

गाडी चालू लागली. पण आईचे कानही आता मंदावले होते. भिंतीपलीकडचा आवाज तिला पुरेना.

"थोरल्या, जरा जवळ आण की," ती म्हणाली.

म्हणून मी लेआउट वाढवला.

मधली भिंत आईच्या खाटेच्या उजव्या अंगाला होती, हात पोचणार नाही इतकी लांब. त्या भिंतीला दोन भोकं पाडली. त्यांच्या मध्ये, आईच्या बाजूने, लाकडी फळी ठोकली. फळीवर रूळ. गाडी एका भोकातून आईकडे शिरणार, तिच्या डोळ्यांसमोरून जाणार आणि दुसऱ्या भोकातून परत माझ्याकडे. रूळ एकमेकांना जोडायच्या धातूच्या पट्ट्या शेवटी कमी पडल्या. टिल्लूच्या डब्यात प्लॅस्टिकच्या थोड्या सापडल्या. दोन्ही भोकांच्या तोंडाशी त्याच लावल्या. दिसायलाही बऱ्या वाटल्या.

"एका हाताने पीठ मळतोस, दुसऱ्याने रूळ टाकतोस," आई पडल्या पडल्या म्हणाली. "रूळही जिलबीसारखे वेडेवाकडे."

कितीतरी दिवसांनी ती हसली होती. मला बरं वाटलं.

दुपारी मी मागच्या खोलीत कंट्रोलर घेऊन बसलो. बटण फिरवलं. गाडी स्टेशनातून सुटली, डोंगराला वळसा घालून भोकात शिरली. टक-टक, टक-टक...

आणि आवाज थांबला.

अडली वाटतं. मी उठणार, एवढ्यात...

टक-टक. टक-टक.

दुसऱ्या भोकातून इंजिन बाहेर आलं. मागोमाग सगळे डबे.

रुळावर कचरा असेल, म्हटलं. पुन्हा सोडली. पुन्हा तेच. गाडी आत जायची, थांबायची, आणि थोड्या वेळाने आपली आपण बाहेर यायची. दर फेरीला.

पण आईला झोप लागली होती.

भिंतीतून तिचं घोरणं ऐकू आलं आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. थांबू दे बिचारी गाडी, म्हटलं. मीही तिथेच टेबलाखाली आडवा झालो.

असे बरेच दिवस गेले. मग मला एकेक गोष्ट खटकायला लागली.

आत गाडी का थांबते ते बघायला मी बटण चालू ठेवून आईच्या खोलीत जायचो. गाडी फळीवर मधोमध उभी असायची. मी बघत राहायचो. हलायची नाही. फडकं आणावं म्हणून पाठ फिरवली की मागे...

टक-टक.

वळून बघावं, तर शेवटचा डबा भोकात शिरताना दिसायचा.

हे एकदा झालं नाही. दर वेळी झालं.

दुसरं म्हणजे इंजिन. तासभर पळालेलं इंजिन हाताला गरम लागतं. टिल्लू त्यावर बोटं शेकायचा. हे भोकातून बाहेर यायचं ते गार. माठातल्या पाण्यासारखं गार.

आणि मावशी. एक दिवस पिशवी उचलून त्या दारातच घुटमळल्या.

"दादा, एक विचारू? रागवू नका. सकाळी तुम्ही नसता, गाडी बंद असते. तरी आईंची मान सारखी त्या फळीकडे. नुसत्या बोलत असतात."

"कोणाशी?"

"ते मी कसं सांगू?" त्या म्हणाल्या. "पण मध्ये मध्ये थांबतात. समोरच्याला बोलू द्यावं ना... तशा."

ज्यांच्या दुकानातून टिल्लू गाड्यांचं सामान आणायचा, त्या काकांना मी शेवटी घरी बोलावलं. टिल्लू त्यांना स्टेशनमास्तर म्हणायचा. म्हातारा माणूस, पण उत्साही. लेआउट बघताना ते टिल्लूच्याच आठवणी सांगत राहिले. मग खिशातून दोन वायरी लावलेला छोटा दिवा काढून ते आईच्या खोलीत गेले. आई जागी होती. मी दाराशी उभा.

त्यांनी वायरींची टोकं फळीवरच्या रुळाला टेकवली.

दिवा लागला नाही.

पुढे टेकवली. मागे टेकवली. नाही.

मग ते भोकापाशी वाकले. बराच वेळ वाकून होते.

"या पट्ट्या तू लावल्यास?"

"हो. धातूच्या संपल्या होत्या."

"अरे शहाण्या, या करंट तोडायला लावतात! रुळांतून करंट येतो तो धातूच्या पट्टीतून पुढे जातो. प्लॅस्टिकमधून कसा जाईल? दोन्ही टोकांना तू याच ठोकल्यास. म्हणजे ही अख्खी फळी मेलेली आहे."

"म्हणजे म्हणून गाडी इथे थांबते?"

"थांबणारच! इंजिन आत आलं की खलास. इथून ते बाहेर येणारच नाही."



"रोज येतं," मी म्हणालो.

काकांनी माझ्याकडे बघितलं. मग रुळाकडे. मग पुन्हा माझ्याकडे. 

"कोणीतरी ढकलल्याशिवाय..." म्हणत त्यांनी आईकडे बघितलं. आईची खाट फळीपासून लांब होती. आणि आई तर कूसही बदलू शकत नव्हती.

तेवढ्यात खाटेवरून आई अगदी सहज म्हणाली...

"तो ढकलतो की. अडली की ढकलतो. निघा पाव्हणं, म्हणतो."



काकांनी घाईघाईने दोन वायरी जोडून दिल्या, रुळात करंट आणून दिला. चहा ठेवतो म्हटलं तर "नको, नको, पुन्हा कधी" म्हणत चपला घालून निघालेसुद्धा. ते पुन्हा कधी आले नाहीत.

आता गाडी आत जायची आणि न थांबता बाहेर यायची. जशी जायला हवी तशी. मला हायसं वाटलं.

आईची झोप पुन्हा गेली.

"आज आला नाही तो," ती म्हणाली. दुसऱ्या दिवशीही तेच. तिने जेवण सोडलं. भरवायला गेलो की ओठ मिटून घ्यायची. तिचे गाल बसले, डोळे खोल गेले. मी भट्टीवर एक अख्खा घाणा जाळला आणि मालकाच्या शिव्या खाल्ल्या. घरी येऊन तिच्यावरच ओरडलो.

"आई, टिल्लू गेला! चादरीत गुंडाळून घरी आणला त्याला!"

"मला माहीत नाही का?" ती म्हणाली. "झटका माझ्या हातापायाला आलाय, डोक्याला नाही."

मी खाटेच्या कडेवर बसलो. तिने डाव्या हाताने माझा पोळलेला हात धरला.

"किती दमलास रे थोरल्या. ती वायर काढून टाक. तूही सुटशील."

तिला काय म्हणायचंय ते मला कळलं होतं. कळलं नाही असं मी स्वतःला सांगत राहिलो, पण कळलं होतं. वायर काढली तर आई झोपेल. आणि तो तिला रोज थोडं थोडं घेऊन जाईल. नाही काढली तर ती माझ्या डोळ्यांसमोर अशी उपाशी, जागी, वाळत जाईल.

मी कात्री आणली.

त्या दुपारी गाडी आत शिरली. थांबली...

मी कंट्रोलर धरून बसलो होतो.  पलीकडून आईचं बोलणं ऐकू येत होतं. शब्द लागत नव्हते. मग ती हसली. लहान पोराच्या खोडीवर हसावं तशी.

मग टक-टक. गार इंजिन बाहेर आलं. आणि आई घोरायला लागली.

त्यानंतर ती जेवली, झोपली, माझी थट्टाही केली. फक्त फळीवरचा मुक्काम वाढत गेला. गाडी आत जायची आणि किती तरी वेळ यायचीच नाही. मला झोपेतून दचकून जाग यायची, तरी ती आतच.

शेवटच्या दुपारी गाडी बाहेर आली तेव्हा उन्हं खिडकीवरून उतरली होती. इंजिन आलं, डबे आले. मी कान दिला. घोरणं नव्हतं.

आई फळीकडे तोंड करून, उजव्या कुशीवर पडली होती. मी तिला पाठीवर निजवलं होतं. चेहरा असा हसरा, की रडायचंच विसरलो.

डॉक्टर झोपेतच गेल्या म्हणाले. मावशींनी तिचे केस विंचरले आणि फळीकडे पाठ करून बसून राहिल्या.

माणसं आली, गेली. घर रिकामं झालं. मला वाटलं होतं आता भरपूर झोपू. पण सवयच मोडली होती. पडलो की वाटायचं, आता हाक येईल.

मग एका सोमवारी, बेकरी बंद होती तेव्हा, मी गाडी सोडली, बटण हळू ठेवलं आणि आईच्या खाटेवर जाऊन झोपलो. का, ते विचारू नका. मला झोप हवी होती. आणि खरं सांगायचं तर मला ते दोघं हवे होते.

गाडी भोकातून आली. फळीवर थोडी घरंगळली आणि मधोमध थांबली.

खाली कोणीतरी स्कूटरला किक मारत होतं. मी गाडीवरून नजर हलवली नाही.

"टिल्लू," मी म्हणालो. "मी आहे रे. दमलोय मी."

काहीच झालं नाही.

मग...

टक.

गाडी हलली. माझ्या डोळ्यांदेखत हलली.

पण पुढे नाही. मागे.

आधी शेवटचा डबा ज्या भोकातून आला त्याच भोकात परत गेला. मग दुसरे. सगळ्यात शेवटी इंजिन भोकाच्या तोंडाशी पोचलं. तिथे करंट होता. इंजिनाचा दिवा लागला आणि चाकं फिरू लागली... पुढच्या दिशेने. मोटर जीव खाऊन पुढे ओढत होती. चाकं जागच्या जागी किरकिरत होती. आणि तरीही इंजिन मागेच जात होतं, हलके हलके, कोणी बोट लावून सरकवावं तसं.

दिवा भोकात दिसेनासा झाला. किरकिर थांबली.

धावत मागच्या खोलीत गेलो. गाडी स्टेशनात नीट उभी होती. बटण मी चालू ठेवलं होतं. ते शून्यावर होतं.

मी तिथे खाली बसून खूप रडलो. आईला न्यायला तो दर दुपारी आला. मला त्याने दारातून परत पाठवलं. माझी वेळ झाली नाही म्हणून पाठवलं, की तिथेही दोघांनाच जागा आहे म्हणून, हे मला आजवर कळलेलं नाही. पहिलं असेल असं धरून मी रोज कामावर जातो.

लेआउट तसाच आहे. विकायला मन होत नाही आणि चालवायला हात धजत नाही. दुपारी इथे पुढच्या खोलीत सतरंजी टाकून पडतो. मधलं दार उघडंच ठेवतो. झोप अजून येत नाही.